आमचा चिटणीस आम्ही निवडू

पेठ किल्ला, रत्नागिरी
ता. १२ सप्टेंबर १९३५

मैनाच्या बाबांस सखूचा नमस्कार.

पत्र टाकू नको, असं पायरी उतरता उतरता बजावून गेलात. पावसाळाभर मी ते पाळलं. आता बंदर उघडलं, आगबोटी सुरू झाल्या, आणि इथं असं काही चाललंय की तुम्हांला सांगितल्याशिवाय मला घास उतरायचा नाही. वाचायचं नसेल तर चुलीत घाला. पण मुंबईत तुमची चूल कोण पेटवतं, जेवता कुठं, झोपता कुठं, तेवढं कळवा. आई विचारतात.

हे पत्र मीच लिहितेय. म्युनिसिपालटीच्या शाळेतली चौथी अशी कधी कामी येईल असं वाटलं नव्हतं. कोणाकडून लिहून घेतलं असतं तर गावभर झालं असतं.

मंगळवारी पहिली बोट आली. पाणी अजून निवळलेलं नाही. बोट लांबच उभी राहिली आणि आपले पडाव वल्हवत मंडळी उतारू आणायला निघाली, तशी धक्क्यावर एकच आरोळी उठली. आम्ही बायका चुंबळी डोक्यावर ठेवून उभ्याच होतो. ट्रंका, पेटारे, वळकट्या, एका उतारूचा तर कपडे शिवायचा सांचा! तो गंगुबाईनं एकटीनं उचलला. साठी गाठली म्हातारीनं, पण आम्हां ओझीवाल्यांत अजून तिच्यासारखी कोणी नाही. सगळं होतं, फक्त पुढच्या पडावाच्या सुकाणूवर तुम्ही नव्हता.

मला ठाऊक आहे, तुमच्या मनात तो वैशाखातला दिवस आहे. आपल्या पडाववाल्या-ओझीवाल्यांच्या युनियनच्या चिटणीसाची निवड. एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला राजिवड्याचा हमीद. हमीदसाठी हात वर करा म्हटलं आणि बायकांच्या रांगेत माझा हात वर गेला. तुम्ही वळून पाहिलंत. हमीद निवडून आला आणि तुम्ही मुंबई गाठलीत, पण ते पाहणं मी विसरलेले नाही. पण उद्या परत सभा झाली तर परत तसंच करीन, हेही लिहून ठेवते. समुद्रावर तुमच्यासारखा तांडेल या बंदरात नाही. पण अप्पासाहेब वकिलांच्या ओटीवर चढलात की तुमचा आवाज बसतो. अप्पासाहेबांचे उपकार मोठे आहेत, नाही कोण म्हणतं? युनियन त्यांनी उभी केली, कायद्याप्रमाणं नोंदून दिली, एक पै घेतली नाही, म्हणून तर अध्यक्ष केलं. पण ते म्हणतील त्याला "होय साहेब" म्हणायला चिटणीस कशाला हवा? हमीद "नाय" म्हणतो. डोकं खाजवत, खाली बघत म्हणतो, पण म्हणतो.

आता खरी बातमी. बोटीच्या एजंटानं काल अप्पासाहेबांना बोलावून घेतलं. पडाववाल्यांना उतारूमागं वाढ देतो म्हणाला. किती दिवस मागत होतो आपण! पण त्याच्या अटी ऐका. हमीद चिटणीस नको. ओझीवाल्या बायका युनियनमध्ये नकोत, त्या काय खलाशी आहेत? आणि यापुढं जो कोणी निवडाल तो आधी एजंटाला दाखवायचा, त्यानं बरा म्हटलं तर ठेवायचा.

हे ऐकून गंगुबाईनं कपाळाला हात लावला. "मेल्याला सून बघायची हाय काय!" म्हणाली. "उद्या म्हनंल, चुंबळ कुटल्या लुगड्याची करायची तेपन मी ठरवनार."

सगळ्या हसलो. पण अप्पासाहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "वाढ मिळते आहे ना? घ्या. माणसं काय, बदलता येतात."

तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात, हेच कालपासून डोक्यात घोळतंय.

मैना बरी आहे. आई बऱ्या आहेत.

सखू

*

पेठ किल्ला, रत्नागिरी
ता. २२ सप्टेंबर १९३५

मैनाच्या बाबांस,

तुमचं उत्तर नाही. नसू दे. हे पत्र मात्र चुलीत घालू नका, आधी शेवटपर्यंत वाचा, कारण यात तुम्हीच आहात.

काल अप्पासाहेबांनी तांडेल मंडळींना ओटीवर बोलावलं. आम्हांला बोलावणं नव्हतं. गंगुबाई म्हणाली, "बोलावनं लग्नाला लागतं, युनेनला नाय," आणि आम्ही पंधरा-वीस जणी जाऊन अंगणात उभ्या राहिलो.

अप्पासाहेबांनी सांगून टाकलं, की एजंटाच्या अटी त्यांनी मान्य केल्या. हमीदला चिटणीसपदावरून काढलं आणि बायकांची नावं कमी केली.

हमीद खाली मान घालून उभा होता. डोकं खाजवलं. मग म्हणाला, "साहेब, माका कोणी काढला?"

"मी. अध्यक्ष म्हणून."

"आणि बसवला होता कोणी?"

अप्पासाहेबांनी चष्मा काढून पुसला. सगळ्यांना आठवत होते ते वैशाखातले हात.

"हमीद, मी तुमच्या भल्यासाठीच करतो आहे," अप्पासाहेब म्हणाले. आणि ते खोटं बोलत नव्हते. तीच तर पंचाईत आहे. वाईटासाठी केलं असतं तर भांडायला सोपं गेलं असतं.

मग त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. चेहरा एकदम उजळला. "सखू, तुझ्यासाठी गोड बातमी आहे. नवा चिटणीस म्हणून मी भागोजीला नेमलं आहे. एजंटालाही तो पसंत आहे. पत्र टाकलंय मुंबईला. दसऱ्यापर्यंत येईल तो."

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी काय करणार? खोटं कशाला लिहू, आधी आनंदच झाला. मी शेजारच्या माडाला हात टेकला. घरी येऊन आईंना सांगितलं तर त्यांनी लगेच तुमची वाकळ उन्हात घातली. मीही तांदूळ भिजत घातले, घावण्यांसाठी. कोणासाठी घावणे? तुम्ही तर दसऱ्याला येणार! मैना विचारायला लागली, बाबा आज येणार काय. तेव्हा कुठं मी भानावर आले.

मग रात्रभर सरळ विचार केला, आणि सकाळी उठून हे लिहायला बसले.

तुम्ही या. केव्हाही या. घर तुमचं आहे. पण असे येऊ नका.

वैशाखात तुम्ही हरलात ते सगळ्यांच्या देखत, हात मोजून हरलात. त्यात लाज नव्हती, मी तेव्हाही सांगितलं होतं, तुम्ही ऐकलं नाहीत. लाज असं जिंकण्यात आहे. आज एजंटाला तुम्ही पसंत आहात म्हणून बसाल. उद्या तुम्ही एकदा "नाय" म्हणालात, की अप्पासाहेब चष्मा पुसतील आणि तुमच्या जागी तिसरा येईल. आणि ज्या युनियनमधून तुमच्या बायकोला काढलं, तिचे तुम्ही चिटणीस. मी ओझं घेऊन तुमच्या समोरून गेले तर कुठं बघाल?

हमीद आपल्या दारी आला होता. पायरी चढला नाही. म्हणाला, "वहिनी, तांडेल आला तर मी भांडणार नाय. तो मोठा हाय माझ्याहून. त्यानं माका सुकाणू धरायला शिकवलंय." मी म्हटलं, "भांड. नाहीतर मी भांडेन." तो हसला आणि गेला.

युनियनची खोली अप्पासाहेबांच्याच घरातली, तिला कुलूप लागलं आहे. सभा बोलावली तर म्हणतात, सभा अध्यक्ष बोलावतो, तुम्ही नाही.

बघू.

सखू

*

पेठ किल्ला, रत्नागिरी
ता. १ ऑक्टोबर १९३५

मैनाच्या बाबांस,

सभा झाली! परवा, रविवारी, ओहोटीला, मांडवीच्या पुळणीवर! खोलीला कुलूप लावता येतं, पुळणीला कोण लावणार?

अजून अंगात ते वारं आहे. सगळं क्रमानं सांगते.

बोलावणं कोणी केलं म्हणाल तर कोणी एकानं नाही. शुक्रवारी धक्क्यावर एकानं दुसऱ्याला विचारलं, "रविवारी येनार मां?" तेवढंच. राजिवड्याचे आले, मिरकरवाड्याचे आले, आपल्या किल्ल्यातले तर भगवतीला नवरात्राचं तेल वाहून तसेच खाली उतरले. गंगुबाईचा नऊ दिवसांचा उपास, तरी पहिली येऊन बसली. वर खडकावर एजंटाचा शिपाई छत्री घेऊन उभा राहिला. कोण काय बोलतो, कोणाचा हात वर जातो, हे बघायला. पुष्कळ जण त्याला बघून मागच्या मागं सरकायला लागले.

पडाववाल्यांत दोन तट होते, तेही लपवत नाही. धाकू उभा राहिला. म्हणाला, "माजी चार पोरं हायत. वाढ मिळते तर घेऊया. बायका राहिल्या काय, गेल्या काय, पडाव काय त्या वल्हवतात?" आणि पुष्कळांनी माना हलवल्या. आपल्या शेजारचे, ज्यांच्या घरी मी मीठ मागायला जाते, ते!

गंगुबाई बसल्या जागेवरून बोलली. "धाकू, बाबा, आज एजंटानं सांगितलं म्हनून तू माका काडलंस. मी गेले. उद्या तो सांगंल, चार पोरांचा बाप नको, सडा माणूस बरा, कमी कुरकुरतो. मग तुला कोन काडनार? हेच!" आणि तिनं सगळ्या सभेवरून हात फिरवला. धाकू बसला नाही, उभाच राहिला.

मग हमीद उठला. म्हणाला, "माझ्यापायी वाढ अडायला नको. मीच सोडतो. बायकांचा नाव तेवढा राहू दे."

तर म्हातारी अशी कडाडली, की खडकावरच्या शिपायाची छत्री हलली! "खाली बस! तू राहायचंस का जायचंस, ते तू ठरवनार नाय, अप्पासायब ठरवनार नाय, एजंट तर नायच नाय. आम्ही तुला बसवलाय. आम्ही उठ म्हनू तवा उठ!"

सगळी पुळण हसली. हमीद गपकन खाली बसला.

तेवढ्यात अप्पासाहेब आले. एकटे, धोतराचा सोगा हातात धरून, वाळूत पाय रुतवत. आम्ही जागा करून दिली, पाणी दिलं. ते म्हणाले, ही सभा नियमाला धरून नाही, असल्या हट्टानं मिळालेली वाढ जाईल, युनियन फुटेल. मग ते माझ्याकडं वळले. "मंगळवारी, दसऱ्यानंतरच्या बोटीनं भागोजी येतो आहे. ही त्याची बायको इथं बसली आहे. तिलाच विचारा. सखू, तुला तुझा नवरा परत यायला नको आहे का?"

बसा आता! एवढ्या माणसांत! मी पदर सावरून उभी राहिले. मी म्हटलं, "मला हवेत. माझ्या घरी हवेत. चिटणीस कोण हवा, ते माझ्या घरातलं नाही, ते सगळ्यांनी ठरवायचं. शिमग्याला नवी निवड होईल, त्या सभेत भागोजी तांडेल उभे राहू देत, सगळे हात वर करू देत, मी त्यांच्या गळ्यात माळ घालीन. पण कोणी पाठवलेला भागोजी तांडेल मला नको."

हो, तुमचं नाव घेतलं. लग्नानंतर पहिल्यांदा, आणि तेही उखाण्याशिवाय. दोनदा घेतलं. घ्यावंच लागलं. आता रागवायचं असेल तर येऊन रागवा.

माझं बोलणं संपल्यावर कोणी टाळी वाजवली नाही की काही नाही. मला वाटलं, बुडालं सगळं. मग धाकू, अजून उभाच होता तो, म्हणाला, "हात नको. वर तो छत्रीवाला बघतोय. गुपचूप मत घेऊया."

गुपचूप कसं घ्यायचं? तर एक पडाव डांबर लावायला पालथा घातला होता. त्याच्या आड दोन कळशा ठेवल्या. अटी मान्य, ती डावी. अमान्य, ती उजवी. पुळणीवर शिंपल्यांना काय तोटा? प्रत्येकानं एक शिंपली मुठीत घ्यायची, पडावाच्या मागं जायचं, टाकायची आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर यायचं. पहिलाच माणूस गेला आणि तांब्याच्या कळशीत टण्ण! कोणत्या कळशीत वाजलं ते लांब बसलेल्यालाही कळलं. गंगुबाई ओरडली, "थांब, थांब! वाळू घाला आत!" मग दोन्हींत ओंजळ ओंजळ वाळू घातली आणि पहिल्यापासून सुरू केलं. अप्पासाहेबसुद्धा हसले तेव्हा.

काय सांगू तुम्हांला, त्या पडावाच्या आड गेल्यावर कसं वाटलं! इकडं सासू नाही, तिकडं एजंट नाही, मागं नवरा नाही. मी, दोन कळशा आणि माझी शिंपली. जन्मात एवढी एकटी आणि एवढी मोठी मी कधी नव्हते.

मोजायला धाकूलाच बसवलं, कारण तो विरुद्ध बोलला होता. त्यानं उजव्या कळशीतल्या शिंपल्या पालथ्या केल्या तर ढीग झाला. डाव्या कळशीतल्या त्याच्या निम्म्याही नव्हत्या. त्यानं दोनदा मोजल्या, मग टोपी काढली आणि म्हणाला, "हमीद चिटणीस. बायका आपल्या. अटी नाय!"

मग जे झालं त्याला ओरडणं म्हणू का रडणं, मला कळत नाही.

त्यानंतर अप्पासाहेबांचं. ते कठीण होतं. हमीदच म्हणाला, साहेबांचे उपकार आहेत, सल्ला त्यांचाच घेऊ, पण अध्यक्ष आता आपल्यातला असू दे. छत्रीवाल्याकडं न बघता सगळे हात सावकाश सावकाश वर गेले, आणि अप्पासाहेबांनी ते शेवटपर्यंत पाहिले. वाळूतून तसेच परत गेले. मला वाईट वाटलं, अजून वाटतंय.

शिमग्यापर्यंत अध्यक्षाची जागा रिकामी, तोवर सभा गंगुबाई चालवणार. पाच पंच निवडले, त्यात एक बाई घेतली. ठरलं ते असं: एजंट आपण निवडलेल्या माणसांशी बोलत नाही तोवर एकही पडाव उतारू आणायला जाणार नाही. टपालाची थैली आणि आजारी माणूस मात्र अडवायचा नाही, त्यासाठी हमीदचा पडाव जाईल, फुकट. म्हणून हे पत्र तुम्हांला मिळेल.

मंगळवारच्या बोटीनं तुम्ही येणार असं अप्पासाहेब म्हणतात. तुम्ही मला काहीच कळवलं नाहीत, तेव्हा मी काय समजू?

सखू

*

पेठ किल्ला, रत्नागिरी
ता. १० ऑक्टोबर १९३५

मैनाच्या बाबांस,

हे पत्र जैतापूरला वन्संच्या पत्त्यावर पाठवतेय. तुम्ही बहिणीकडेच असणार, दुसरीकडं कुठं जाणार?

मंगळवारी तुम्ही काय केलंत, ते तुम्हांला ठाऊकच आहे. पण इकडून कसं दिसलं ते तुम्हांला ठाऊक नाही, तेवढं मला सांगू द्या.

बोट दिसल्याबरोबर सगळं गाव धक्क्यावर. आधीच्या दोन बोटी उतारू न उतरवता तशाच पुढं गेल्या होत्या, म्हणून एजंटानं खाडीपलीकडून चार होड्या आणवल्या होत्या. आई काठी टेकत आल्या, मैनाला मी कडेवर घेतलं. आपले पडाव वाळूवर, आणि एजंटाच्या होड्या पाण्यात. हमीदचा एकटा पडाव टपालासाठी निघाला. एजंट स्वतः धक्क्याच्या टोकाला हार घेऊन उभा! नव्या चिटणीसासाठी हार! मला वाटलं आता ही धरणी दुभंगावी. तुम्ही बोटीच्या कठड्याशी उभे होतात, पांढरी टोपी, खांद्यावर वळकटी. मी एवढ्या लांबून ओळखलं.

त्या होड्या बोटीला लागल्या. थोडे उतारू उतरले. एजंटाचा माणूस हातवारे करून तुम्हांला बोलवत होता, ते दिसलं. तुम्ही वाकलात, काहीतरी बोललात. आणि मग वळकटी खाली ठेवलीत आणि तिच्यावर बसलात! बसलात म्हणजे दिसेनासेच झालात. आई म्हणाल्या, "काय गो, पडला काय तो?" मी म्हटलं, "नाही आई. बसले." आणि बोटीनं भोंगा दिला आणि ती तुम्हांला घेऊन दक्षिणेला निघून गेली. एजंटाच्या हातात हार तसाच.

कोणाला काही कळेना. हमीद टपालाची थैली आणि लांज्याची एक तापानं फणफणलेली पोर घेऊन परत आला, तेव्हा त्यानं सांगितलं. पोरीला उतरवून घेतलं आणि तो वाळूत गुडघ्यावर बसला, हसतोय आणि डोळे पुसतोय.

म्हणाला, तुम्ही त्याला वरून विचारलंत, "ह्या होड्या कोनाच्या?"

"एजंटाच्या."

"सभेनं धाडल्यात?"

"नाय, तांडेल."

"मग मी जैतापूरला उतरतो."

त्यानं म्हटलं, "माझ्या पडावात बस, मी नेतो तुला. कोण बोलणार हाय?" तर तुम्ही म्हणालात, "सभेनं टपाल आनि आजारी माणूस म्हटलंय मां? मी धडधाकट हाय."

धडधाकट हाय! हे ऐकल्यावर मी काय केलं ते लिहीत नाही. आई सांगतील. धक्क्यावरच्या सगळ्यांनी पाहिलं, तेही पुष्कळ झालं. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि ती अजून एकटीच मनात खेळवतेय. टपाल आणि आजारी माणूस, हे फक्त माझ्या पत्रात होतं. म्हणजे तुम्ही माझी पत्रं चुलीत घालत नव्हता.

तुमचं ते बसणं फार कामाला आलं. त्या चार होडीवाल्यांनी ते जवळून ऐकलं होतं. किनाऱ्याला लागल्यावर त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, ज्याला हार घालायचा तोच उतरत नाही तर आम्ही कशाला? आणि ते चौघेही भरतीबरोबर आपल्या वाटेनं गेले. बुधवारची बोट आली तेव्हा पाण्यात एजंटाची एकही होडी नव्हती. उतारूंनी बोटीवरून शिव्या दिल्या त्या एजंटाच्या नावानं.

काल संध्याकाळी एजंट अप्पासाहेबांना घेऊन धक्क्यावर आला. अप्पासाहेबांनी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं, "मला इथं बोलण्याचा अधिकार नाही. यांनी मला काढलं आहे. ज्यांना निवडलं त्यांच्याशी बोला." आणि कनवटीची खोलीची किल्ली काढून गंगुबाईच्या हातात दिली. म्हातारीनं ती कपाळाला लावली. मी अप्पासाहेबांच्या पाया पडले.

मग आमचे पाच पंच पुढं झाले. एजंट हमीदकडं न बघता म्हणाला, "दुसरा कोणीतरी समजदार माणूस पाठवा, मग बोलू." त्यावर पाचांतली बाई म्हणाली, "तुमच्या बोटीवर कप्तान कोण असावा, हे आम्ही कधी विचारलंय का? आमच्या वतीनं कोण बोलणार ते आम्ही बघू. तुम्ही काय देणार ते तुम्ही बोला."

ती बाई मीच. मागच्या पत्रात नाव लिहायचा धीर झाला नव्हता. आधीच तुमचं नाव दोनदा घेतलं होतं, त्यावर हे आणखी कशाला, असं वाटलं. आता लिहिलं.

एजंटानं समुद्राकडं पाहिलं. तिकडं शुक्रवारच्या बोटीची वेळ जवळ येत होती. शेवटी हमीदच्या समोर बसला. वाढ मिळाली, पण म्हणाला होता त्याच्या अर्धीच. बाकीच्या अर्ध्यासाठी शिमग्यानंतर परत भांडायचं. पण बायका युनियनमध्ये राहिल्या, हमीद राहिला, आणि माणूस आधी एजंटाला दाखवायची अट गेली ती गेलीच. धाकू म्हणतो, अर्ध्या वाढीत चार पोरं कशीबशी बसतील. पण काल सगळ्यांत मोठ्यानं तोच ओरडत होता.

आता तुमचं. चिटणीसाची जागा भरलेली आहे, ती शिमग्याला रिकामी होईल. उभं राहायचं असेल तर राहा. मी मत कोणाला देईन ते विचारू नका, आता शिंपल्या आहेत आणि कळशीत वाळू आहे. खलाशाची जागा मात्र आजच आहे. हमीदच्या पडावावर पुढचं वल्हं रिकामं आहे. तो म्हणतो, तांडेलाला वल्हं कसं सांगू? मी म्हटलं, तू सांगू नको, मी सांगते.

जैतापूरहून डोंगर चढून पायी यायच्या भानगडीत पडू नका. वजीर नाखवाचा मचवा उद्या कौलं घेऊन तिकडं येतोय, हे पत्र त्याच्याच हाती देतेय. परत येताना तो रिकामा असतो. एका माणसाला जागा ठेव, असं हमीदनं त्याला सांगितलंय. आईंनीही सांगितलंय.

आणि मीही सांगितलंय. आईंच्या आधी जाऊन सांगितलंय.

परवा कोजागिरी. वारा चांगला आहे. बसा मचव्यात आणि या.

सखू